चिलरच्या नोंदवहीपासून सुरुवात करा
वाचकांचे प्रश्न : संस्थांमधील हवामानकार्य

या वेळच्या पत्रांत एक धागा सारखा आहे. हवामानबदलाची जबाबदारी संस्थेत कुणाच्या तरी अंगावर एकदम येऊन पडते आणि ती पेलण्यासाठी काय शिकायचं, हे सांगणारं आसपास कुणी नसतं. मी एका कारखान्यात ऊर्जा व्यवस्थापक म्हणून रुजू झाले आणि पुढे तिथेच हवामान विभाग सांभाळला, त्यामुळे ही अवस्था मला चांगली ठाऊक आहे. काही पत्रं लांब होती, ती थोडी कमी करून घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी अकरा वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो आहे. गेल्या महिन्यात संचालकांनी बोलावून सांगितलं, ‘आता हवामानाचं कामही तुम्हीच बघा.’ प्रशिक्षणासाठी वर्षातून एकाच अभ्यासक्रमाला मंजुरी मिळते. ऊर्जा व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घेऊ, हवामान-जोखमीचं घेऊ, की अहवाल तयार करण्याचं? निवड चुकली तर वर्ष वाया जाईल याची धास्ती वाटते.

उत्तर : मंजुरी आहे ती राहू द्या. तीन महिने ती वापरू नका. असं का म्हणते, ते माझ्या पहिल्या वर्षाच्या अनुभवावरून सांगते.

मी आमच्या कारखान्याचा हरितगृह वायूंचा पहिला हिशेब केला तेव्हा विजेची बिलं, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या आणि गाड्यांचं इंधन असं सगळं गोळा केलं. कोष्टक नीटनेटकं झालं, संचालक मंडळापुढे मांडलं आणि शाबासकीही मिळाली. दोन महिन्यांनी काही कामासाठी चिलरच्या, म्हणजे थंडावा पुरवणाऱ्या यंत्राच्या, खोलीत गेले. तिथल्या मेकॅनिककडे स्वतःची एक जाड नोंदवही होती. त्या वर्षात त्याने चार वेळा मिळून ४० किलो आर-४१०ए हा थंडाव्यासाठीचा वायू भरला होता. यंत्रणा बंदिस्त असते, आतला वायू संपत नाही. भरावा लागला याचा अर्थ तेवढाच गळून हवेत गेला. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-वैज्ञानिक मंडळाच्या चौथ्या अहवालातल्या आकड्यांनुसार हा एक किलो वायू शंभर वर्षांच्या काळात २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे ४० किलोचे झाले ८३ टनांहून जास्त. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या मापाने ही गळती ३१,००० लिटर डिझेलच्या बरोबरीची होती, आणि आमचा जनरेटर अख्ख्या वर्षात ९,००० लिटरच प्यायला होता. ज्या जनरेटरवर मी मंडळापुढे वीस मिनिटं बोलले होते, त्याच्या तिपटीहून मोठी गोष्ट मला दिसलीच नव्हती.

मी मेकॅनिकला विचारलं, हे कधी कुणाला सांगितलं का? तो म्हणाला, ‘गॅस गेला की भरायचा, एवढंच आम्हाला माहीत. कुठे गेला हे कुणी विचारलंच नाही, मॅडम.’ पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि आकडा दुरुस्त करून सांगितला. तो प्रसंग सोपा नव्हता. पण त्यानंतर मंडळ माझे आकडे जास्त विश्वासाने घेऊ लागलं, आणि मेकॅनिक गळती दिसली की थेट माझ्याकडे येऊ लागला. (तुमच्याकडे जुनं यंत्र असून त्यात आर-२२ हा वायू असेल तर एक खबरदारी घ्या. तो ओझोन थर वाचवणाऱ्या मॉन्ट्रियल कराराखाली येतो, हरितगृह वायूंसाठीच्या क्योटो कराराच्या यादीत नाही. म्हणून त्याची नोंद स्कोपच्या, म्हणजे उत्सर्जनाच्या तीन ठरलेल्या गटांच्या, बाहेर वेगळी दाखवायची असते.)

तेव्हा पहिले तीन महिने संस्थेतच हिंडा. देखभालवाल्यांच्या नोंदवह्या वाचा, गोदामात बसा, खरेदी विभागात कोणत्या फाइली येतात ते पाहा. त्याच्या जोडीला हरितगृह वायूंचा हिशेब कसा ठेवायचा हे सांगणारं जीएचजी प्रोटोकॉलचं कॉर्पोरेट स्टँडर्ड वाचा. २००४ ची सुधारित आवृत्ती मोफत मिळते आणि पानं शंभराहून थोडीच अधिक आहेत. संस्थेची सीमा कशी ठरवायची, पाया-वर्ष (ज्या वर्षाशी पुढची तुलना करायची ते) म्हणजे काय आणि ते केव्हा बदलायचं, या दोन प्रकरणांना वेळ द्या. पुढचे बहुतेक वाद तिथेच सुरू होतात. भाड्याने घेतलेली इमारत तुमच्या हिशेबात धरायची की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण त्यावर सगळा आकडा हलतो. विज्ञानासाठी आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाचा २०२३ चा संश्लेषण सारांश पुरेसा आहे. पाया कच्चा वाटत असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या यूएन सीसी:लर्न या व्यासपीठावरचे प्राथमिक अभ्यासक्रम मोफत आहेत, त्यांना मंजुरी लागत नाही.

तीन महिन्यांनी तुमच्यापुढे संस्थेचं चित्र असेल आणि निवड आपोआप सोपी होईल. उत्सर्जनाचा मोठा वाटा इंधन आणि विजेचा निघाला तर ऊर्जा व्यवस्थापनाकडे वळा. असोसिएशन ऑफ एनर्जी इंजिनिअर्सचं सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर हे प्रमाणपत्र १९८१ पासून दिलं जातं आणि त्यात बॉयलर, मोटारी, दाबाखालची हवा असं सगळं खरोखरीचं काम येतं. तुमची संस्था कर्ज, विमा किंवा गुंतवणुकीच्या व्यवसायात असेल तर जोखीम व्यवस्थापकांच्या ‘गार्प’ या संघटनेचं हवामान-जोखमीचं प्रमाणपत्र अधिक उपयोगी. गुंतवणूकदार विचारणा करत असतील तर आयएफआरएस एस२ हे हवामानविषयक माहिती जाहीर करण्याचं मानक अभ्यासा. ते जून २०२३ मध्ये आलं आणि त्याचा सांगाडा हवामानविषयक आर्थिक माहितीसाठी नेमलेल्या टीसीएफडी या कार्यगटाच्या २०१७ च्या शिफारशींवर उभा आहे. मात्र अहवाल लिहिण्याचं कौशल्य सगळ्यात आधी घेऊ नका, ही माझी ठाम विनंती. लिहिण्यासारखं हातात काही नसताना लिहायला शिकलं की शब्दच वाढतात.

आणि तुम्ही स्वतःला कोरी पाटी समजू नका. धोका नियंत्रणाची उतरंड तुम्ही रोज वापरता: आधी धोका काढून टाका, नाही जमलं तर बदला, मग यंत्रात सुधारणा, मग नियम, आणि अगदी शेवटी हेल्मेट-हातमोजे. उत्सर्जनाला हीच उतरंड लागू पडते. बाहेरून कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने केलेल्या कपातीचं श्रेय) विकत घेणं हे इथलं हेल्मेट आहे. यंत्राला गार्ड न लावता फक्त हेल्मेट वाटणाऱ्या व्यवस्थापकाला तुम्ही जे सांगाल, तेच क्रेडिटबद्दल सांगा. त्यांना लगेच उमगेल.

आणखी एक. हवामानाचं काम म्हणजे उत्सर्जन कमी करणं, एवढंच बरेच जण धरून चालतात. बदललेल्या हवामानात माणसं आणि यंत्रं कशी टिकतील, हा दुसरा अर्धा भाग मागे पडतो. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस कमी वेळात अधिक जोराने कोसळतो. तुमची गटारं, तळघरातलं विजेचं पॅनेल, उन्हात काम करणाऱ्यांच्या पाळ्या, हे सगळं तपासायला सुरक्षा अधिकाऱ्याहून योग्य माणूस कोण? उष्णतेचा ताण मोजणारा वेट बल्ब ग्लोब तापमापक तुम्ही वापरलाही असेल. तिथून सुरुवात केलीत तर कामगार तुमच्या बाजूने उभे राहतील, आणि पुढच्या प्रत्येक कामात तुम्हाला त्यांची गरज लागणार आहे.

प्रश्न : मी उत्पादन विभागातून या कामात आले. पंप आणि पंख्यांना व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग गरजेप्रमाणे बदलणारं उपकरण, बसवण्याचा माझा प्रस्ताव तीनदा परत आला. अर्थप्रमुख म्हणतात, ‘पृथ्वी वाचवायला आपल्याकडे बजेट नाही.’ नेतृत्वविकासाचा एखादा कोर्स केला तर माझं म्हणणं पटवता येईल का?

उत्तर : तुमच्या बोलण्यात खोट आहे असं पत्रावरून वाटत नाही. तुमचा प्रस्ताव मात्र बहुधा कार्बनच्या टनांत लिहिलेला आहे आणि वाचणारा पैशांत वाचतो. कोर्सऐवजी चार आठवडे, आठवड्यातून एक दुपार, लेखा विभागात बसण्याची परवानगी मागा. निव्वळ वर्तमान मूल्य कसं काढतात, परताव्याचा दर कितीच्या खाली गेला की प्रस्ताव बाद होतो, वर्षाचं भांडवली अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात बंद होतं, हे तिथेच कळतं. माझे सुरुवातीचे दोन प्रस्ताव केवळ अंदाजपत्रक बंद झाल्यावर पोहोचले म्हणून पडले. मी वर्षभर समजत होते की त्यांना पर्यावरणाची पर्वा नाही.

आता पंपांकडे वळू. केंद्रापसारी पंप किंवा पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर, सुमारे ५१ टक्क्यांवर येते. हा नियम खरा आहे, पण तो जसाच्या तसा प्रस्तावात टाकू नका. पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर उंचीचा भार वेग कमी केल्याने कमी होत नाही, आणि प्रत्यक्ष बचत बरीच कमी निघते. अर्थप्रमुखाला एकदा फुगवलेला आकडा दिला की पुढचे खरे आकडेही संशयाने पाहिले जातात. एकच पंप निवडा. त्यावर दोन आठवडे मीटर लावा, मग व्हीएफडी लावून पुन्हा दोन आठवडे मोजा. उत्पादन कमीजास्त झालं असेल तर त्याची दुरुस्ती करा. हे मोजमाप कसं करायचं याची शिस्तबद्ध पद्धत आयपीएमव्हीपी या प्रोटोकॉलमध्ये आहे, आणि तुमच्या परिस्थितीत कोणत्याही नेतृत्वकोर्सपेक्षा ती शिकणं मी आधी सुचवेन.

दुसरं असं की मोठ्या प्रस्तावाच्या मागे धावताना छोटे निर्णय हातातून निसटतात. मोटार जळते तेव्हा पाळी थांबलेली असते. तिची तार पुन्हा गुंडाळायची की नवी मोटार आणायची, याचा निर्णय देखभालप्रमुख दहा मिनिटांत घेतो, आणि त्या मोटारीचं विजेचं बिल पुढची दहा-बारा वर्षं संस्था भरते. त्या दहा मिनिटांत तुम्ही तिथे नसता. म्हणून आधीच एक पानाचं धोरण मंजूर करून घ्या: अमुक शक्तीखालची मोटार जळली तर ती गुंडाळायची नाही, आयई३ किंवा आयई४ या जास्त कार्यक्षमतेच्या वर्गाची आणायची, आणि कोणती ते इथे लिहिलं आहे. मी माझ्या कामात जे काही घडवलं, त्यातला बराच भाग अशा एकपानी कागदांनी झाला. या कागदावर देखभालप्रमुखाची सही तुमच्या सहीच्या वर असू द्या.

अंतर्गत कार्बन किमतीबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. तिचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक विभागाकडून उत्सर्जनापोटी खरोखर पैसे कापले जातात. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये अशी आकारणी सुरू केली. दुसऱ्यात पैसे हलत नाहीत, फक्त नव्या गुंतवणुकीचा हिशेब करताना कागदावर कार्बनची एक किंमत धरली जाते. तुमच्याकडे दुसरा प्रकार आधी आणा, आणि ती किंमत अर्थप्रमुखांनाच ठरवू द्या. ती कमी ठरली तरी चालेल. त्यांनी स्वतः लिहिलेला आकडा ते स्वतः खोडणार नाहीत.

प्रश्न : ताई, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन. दोन वर्षांपूर्वी मोठ्या उमेदीने या क्षेत्रात आले. आता दिवसभर तक्ते भरते आणि रात्री अहवाल वाचत जागते. तापमानवाढीची दीड अंशाची मर्यादा हातची जाणार हे दिसत असताना कागदी पिशव्यांच्या मोहिमेचं पोस्टर करायला सांगितलं की रडू येतं. मी या कामाला लायक नाही का?

उत्तर : आहेस, बाळ. जिला काहीच वाटत नाही तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटली असती.

आधी विज्ञानाचं सांगते, कारण तुझ्या मनात एक चित्र थोडं चुकीचं बसलं आहे. दीड अंश ही कड्याची कडा नाही, की एक पाऊल पुढे पडलं आणि सगळं संपलं. आयपीसीसीचा सहावा अहवाल सांगतो की तापमानवाढ ही आजवर सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडशी जवळजवळ सरळ प्रमाणात आहे: दर १,००० अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश. याचा अर्थ नीट लक्षात घे. दीड अंशानंतर वाचवलेला टनही आधी वाचवलेल्या टनाइतकंच तापमान रोखतो. १.६ हे १.७ पेक्षा बरं आहे आणि १.७ हे १.८ पेक्षा. दीड अंशासाठी २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ४३ टक्क्यांनी उतरायला हवं होतं, आणि जग त्या वाटेवर नाही, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही धरून काम करणं हे या व्यवसायातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. कोणतंही प्रमाणपत्र ते शिकवत नाही.

मला ते माणसांनी शिकवलं. वेगवेगळ्या संस्थांत हेच काम करणाऱ्या आम्ही चौघीजणी महिन्यातून एकदा दीड तास बसायचो. नियम एकच होता: जे फसलं ते आधी सांगायचं. कुणाचा पुरवठादार माहिती देत नव्हता, कुणाचा आकडा लेखापरीक्षकांनी उडवला होता. त्या दीड तासात मी जितकं शिकले तितकं कोणत्याही परिषदेत शिकले नाही, आणि घरी परतताना पाठीवरचं ओझं निम्मं झालेलं असायचं. तू तुझ्यासारख्या तिघी शोध. एकाच संस्थेतल्या नकोत, म्हणजे मोकळेपणाने बोलता येईल.

रात्री अहवाल वाचणं बंद कर. ते कामाचं वाचन आहे, कामाच्या वेळेत कर, आणि वरिष्ठांना सांग की आठवड्यातले तीन तास त्यासाठी हवेत. पोस्टर करायला सांगितलं तर कर, पण त्याच बैठकीत एक खरं काम मागून घे. दाबाखालच्या हवेच्या गळतीची पाहणी माग. कित्येक कारखान्यांत कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून आणि नळ्यांतून निसटत असते. सुट्टीच्या दिवशी यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेव आणि किती वेळ तो भार घेतो ते घड्याळ लावून मोज. जी हवा कुणी वापरत नाही, तिच्यासाठीच तो धावतोय. मग साबणाचं पाणी घेऊन सांधे तपास आणि प्रत्येक गळतीवर लेबल बांध. महिनाभराने पुन्हा मोज. आपल्या हातून कमी झालेला आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की तक्ते वेगळे दिसू लागतात.

झोप अजूनही येत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. ते पुढे ढकलू नकोस.

प्रश्न : आमच्या मनुष्यबळ विभागाला सर्व कर्मचाऱ्यांसाठी हवामानबदलावर एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची आहे. विषयपत्रिका सुचवाल का?

उत्तर : सर्वांसाठी एकच कार्यशाळा घेऊ नका. खरेदीवाल्याला आणि बॉयलरवाल्याला एकाच खोलीत बसवून हिमनद्यांची चित्रं दाखवली तर दोघेही हळहळतील आणि दुसऱ्या दिवशी आपापलं काम पूर्वीसारखंच करतील. तेवढाच वेळ तुकड्यांत वाटा.

खरेदी विभागाला सर्वाधिक वेळ द्या. बऱ्याच संस्थांचं बहुतांश उत्सर्जन स्कोप तीनमध्ये, म्हणजे संस्थेबाहेर पुरवठादार आणि ग्राहकांकडे होणाऱ्या उत्सर्जनात, असतं, आणि त्यातल्या पंधरा प्रकारांपैकी पहिलाच प्रकार विकत घेतलेल्या वस्तू-सेवांचा आहे. त्यांना एक खोच जरूर समजावा. खर्चावरून उत्सर्जनाचा अंदाज काढण्याची पद्धत सोपी आहे, पण पुरवठादाराने स्वच्छ प्रक्रियेने माल बनवून थोडा महाग दिला तर कागदावर तुमचं उत्सर्जन वाढतं! पहिल्या वर्षी मोठे पुरवठादार कोणते हे ओळखण्यासाठी ही पद्धत वापरावी आणि मग त्या दहा-पंधरांकडून खरी माहिती घ्यावी. हे खरेदीवाल्यांना स्वतःच्या बिलांवर करून पाहू द्या. संचालकांसाठी क्लायमेट इंटरॅक्टिव्ह आणि एमआयटी स्लोन यांचं एन-रोड्स हे मोफत संगणकीय प्रतिरूप वापरा. कोणतं धोरण तापमानावर किती परिणाम करतं, हे पडद्यावरच्या सरकपट्ट्या स्वतः हलवून पाहिलं की चर्चेचा सूर बदलतो. बाकीच्यांसाठी त्यांच्याच जागेवर वीस मिनिटं, त्यांच्याच यंत्रासमोर.

प्रश्न : वार्षिक सभेत आमचे अध्यक्ष ‘२०५० पर्यंत नेट-झिरो’ जाहीर करणार आहेत. भाषणाचा मसुदा माझ्याकडे आहे. सभेला तीन आठवडे उरले आहेत. काय जपू?

उत्तर : शब्दाचा अर्थ जपा. विज्ञानाधारित उद्दिष्टांचा उपक्रम, म्हणजे एसबीटीआय, याचं ऑक्टोबर २०२१ चं नेट-झिरो मानक बहुतेक कंपन्यांकडून २०५० च्या आत किमान ९० टक्के प्रत्यक्ष कपातीची अपेक्षा करतं, स्कोप तीनच्या उत्सर्जनासह. उरलेल्या थोड्याशा भागापुरताच कार्बन हवेतून काढून कायमचा साठवायचा. क्रेडिट विकत घेऊन आजचं उत्सर्जन भरून काढणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला नेट-झिरो म्हणू नका. ही चूक भाषणात गेली तर पुढची कित्येक वर्षं तुम्हीच ती निस्तरत बसाल.

स्कोप तीनचा हिशेब झालेला नसेल तर भाषणात तसं स्पष्ट लिहा आणि तो कोणत्या वर्षी पूर्ण होईल ते सांगा. प्रामाणिकपणे सांगितलेली उणीव सभेला खटकत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. २०५० च्या वाक्याशेजारी पाया-वर्ष आणि २०३० चा आकडा असायलाच हवा. २०५० मध्ये आजचे अध्यक्ष बहुधा पदावर नसतील, २०३० ला मात्र आज काम करणारी माणसं जागेवर असतील. म्हणून अध्यक्षांना भेटून विचारा, २०३० च्या आकड्याला कोण उत्तरदायी असेल, आणि त्या व्यक्तीच्या वार्षिक मूल्यमापनात तो आकडा येणार का. उत्तर मिळेपर्यंत मसुद्यातली ती ओळ मोकळी ठेवा, आणि मोकळी ओळ असलेला मसुदाच त्यांना वाचायला द्या.